शिवी नीट ऐकू येईना

आम्ही त्या वर्गाला विज्ञानाच्या ओढीनं गेलो असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. आम्ही सुकडीसाठी गेलो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. घरातली मोठी माणसं दिवस उगवायला घमेली-फावडी घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मागं राहिलेली आमच्यासारखी पोरं म्हणजे गावाला नसता ताप. कुणी आडात डोकावायचं, कुणी कौलावर चढायचं. म्हणून शाळेत सुट्टीतला वर्ग निघाला आणि वर्गाला येईल त्याला दुपारी मूठभर सुकडी मिळू लागली. गव्हाचं पीठ, गूळ आणि तेल यांचा तो कोरडा भुगा घशाखाली उतरता उतरत नसे, पण रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकन ज्वारीच्या, लाल भाकरीपुढं तो श्रीखंड वाटायचा. सुकडी देतात म्हटल्यावर मी संस्कृत शिकायलासुद्धा गेले असते.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. आमचं गाव नगर-पारनेर वाटेवरचं, कोरडवाहू. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता, गाव सोडायचं की नाही. माझा मामा श्रीरामपूरकडं राहायचा. तिकडं कॅनॉलचं पाणी, ऊस, साखर कारखाने, म्हणजे नुसती चैन. मामाचा निरोपावर निरोप यायचा, की या इकडं, वाट्यानं जमीन करा, पोटाला तरी मिळेल. आईचा जीव तिकडं लागला होता. पण आबा, म्हणजे माझे वडील, जागचे हलायला तयार नव्हते. "म्या हितनं हाललो," ते म्हणायचे, "की त्यो माझा बांध कोरंल. दोन वर्सात माझं रान त्याच्या रानात!"

'त्यो' म्हणजे आबांचे सख्खे धाकटे भाऊ, आमचे तात्या. बांधाच्या अलीकडं आमची वस्ती, पलीकडं, हाक पोचणार नाही एवढ्या लांब, त्यांची, आणि मधोमध दोघांची समाईक विहीर. चार-पाच वर्षांपूर्वी भावकीतल्या एका लग्नात पाहुण्यांनी मानाचे फेटे बांधले. पहिला फेटा थोरल्याला बांधायचा ही रीत. बांधणाऱ्या गड्याला थोरला कोण, धाकटा कोण हे काय ठाऊक! तात्या अलीकडं बसले होते, त्यानं त्यांच्या डोक्याला गुंडाळला. आबा उठले, वाढलेलं ताट तसंच सोडलं आणि भर मांडवात म्हणाले, "ह्याउप्पर तुझं त्वांड बगनार न्हाई." तात्याही काही कमी नव्हते. "नगं बगू," ते म्हणाले. "लई देखनं हाय का तुझं?"

झालं. तेव्हापासून दोन घरांत अबोला. एकमेकांसमोर आले तर एक जण पूर्वेला बघायचा, दुसरा पश्चिमेला. विहीर आटली तरी तिचा गाळ निघेना, कारण समाईक विहिरीत एकट्यानं उतरायचं तर दुसऱ्याचा गाळ आपण का उपसायचा? आम्हा पोरांनाही बोलायची बंदी होती. तात्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा आणि माझ्याच वर्गातला. आम्ही अर्थातच बोलायचो. बंदी असल्यामुळं जरा जास्तच बोलायचो. बांधाच्या बाभळीमागं बसून आम्ही त्या चार-पाच वर्षांत जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या मी पुढं नवऱ्याशीही मारल्या नाहीत.

मला श्रीरामपूरला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. ऊस खाऊन खाऊन माणूस किती खाणार? माझं गणित सरळ होतं: हे दोघं बोलले तर विहीर खोल जाईल, विहीर खोल गेली तर पाणी लागेल, पाणी लागलं तर आम्ही इथंच राहू. चुलतभावाला मी हे गणित मांडून दाखवलं तेव्हा त्यालाही त्यात खोट सापडली नाही. प्रश्न एवढाच होता की त्या दोन रेड्यांना बोलतं कसं करायचं.

आता त्या वर्गाच्या बाईंबद्दल सांगते. तरुण होत्या, नगरहून एस.टी.नं यायच्या, मनगटाला पुरुषी घड्याळ लावायच्या. त्यांचं एक विचित्र होतं. त्यांना काही विचारलं की त्या म्हणायच्या, "मला माहीत नाही. बघू या का करून?" आमच्या शाळेत मास्तरांना माहीत नसलेली गोष्टच नव्हती. शंका विचारली की छडी मिळायची, म्हणजे माहीत असणारच. आणि ही बाई खुशाल 'माहीत नाही' म्हणते! आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पगार सरकारचा घ्यायचा आन इचारायचं पोरांला? बरं हाय की!"

एके दिवशी बाई एस.टी.तून उतरल्या त्या दोन जडशीळ पेट्या आणि काळ्या वायरीचं भलंमोठं रीळ घेऊन. भिंगारच्या बाजारात लष्करातलं मोडीत काढलेलं सामान मिळायचं, तिथून त्यांनी रणांगणावर वापरायचे दोन टेलिफोन उचलून आणले होते. कातडी कव्हर, आत रिसीव्हर आणि कडेला एक दांडी. टॉर्चचे सेल घालायचे, दोन पेट्या वायरीनं जोडायच्या आणि इकडची दांडी गरगरा फिरवली की तिकडं घंटी वाजायची. बाईंनी पेट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मी हे कधी वापरलेले नाहीत. बघा काय होतं ते." आणि चक्क खुर्चीत बसून पंख्यानं वारा घेऊ लागल्या.

पहिले काही दिवस आम्ही त्या टेलिफोनवर एक शब्द बोललो नाही. कारण दुसरी पेटी सोडून वायरीची टोकं हातात धरली आणि कुणी दांडी फिरवली तर सणसणीत झटका बसतो, हा शोध लागला होता. त्यापुढं बोलण्यात काय मजा! आम्ही हातात हात धरून रांग लावायचो आणि टोकाच्या दोघांनी वायरी धरायच्या. सगळी रांग एकदम "आयाया" करून उडायची. दुसरी शिक्षिका असती तर तिनं पेट्या कपाटात घालून किल्ली कनवटीला लावली असती. या बाईंनी विचारलं, "रांग वाढवली तर झटका तेवढाच बसतो की कमी होतो?" त्याचा निकाल लावण्यात आमचे पुढचे दोन दिवस गेले आणि गावातली झाडून सगळी पोरं वर्गाला यायला लागली. सुकडी पुरेना.

मग टेलिफोनवर बोलणं सुरू झालं. वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून शाळेच्या फाटकापर्यंत. पण टेलिफोनला दोन वायरी लागायच्या, म्हणून रीळ दुहेरी करून वापरावं लागायचं आणि ते मारुतीच्या देवळापाशी संपायचं. मी विचारलं, "बाई, दोन वायरी कशाला? एकीनं जायचं आन एकीनं यायचं का?"

"एक काढून बघ," बाई म्हणाल्या.

काढली. टेलिफोन मेला. तेव्हा बाई जरा आठवून म्हणाल्या, "दुसऱ्या वायरीऐवजी जमीन चालते असं मी कुठंतरी वाचलंय. दोन्हीकडं जमिनीत लोखंड ठोकून त्याला जोडायचं. खरं-खोटं मला माहीत नाही."

लोखंडाला तोटा नव्हता. जनावरं सगळी चाऱ्याच्या छावणीला गेली होती आणि त्यांच्या लोखंडी खुंट्या गोठ्यांत रिकाम्या पडल्या होत्या. आम्ही दोन खुंट्या आणून ठोकल्या. जमीन अशी तापलेली, की खुंटी आत जाताना दगडावर घाव घातल्यागत आवाज यायचा. रिसीव्हर कानाला लावला. घंटी वाजेना, बोललेलं कळेना, नुसती कुठंतरी लांब खरखर. एका पोरीनं तांब्यातलं घोटभर पाणी खुंटीच्या बुडाशी ओतून बघितलं तर लगेच आवाज मोठा झाला! पण बाकीच्यांनी तिला फाडून खाल्लं. प्यायला पाणी नाही आणि ही बया खुंटीला पाजतेय!

तेवढ्यात मागल्या रांगेतला एक जण म्हणाला, "बाई, पानीच पायजे का?"

"म्हणजे?"

तो नुसता हसला. त्याच्या शेजारचे दोघं हसले. बाईंच्या ध्यानात आलं तशा त्या कानापर्यंत लाल झाल्या. थोडा वेळ त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मुलींनो, तुम्ही आत या. आणि मुलांनो, काय होतं ते मला नीट सांगा."

आम्ही आत गेलो आणि सगळ्या जणी खिडकीला लोंबकळलो. काय सांगू! रेडिओ लावल्यासारखा टेलिफोन बोलायला लागला. साध्या पाण्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. मग पुढचा सबंध आठवडा वर्गात एकच चर्चा, की असं का? कुणी म्हणालं गरम असतं म्हणून, कुणी म्हणालं पिवळं असतं म्हणून. एकानं शेळीचं आणून बघितलं. बाई प्रत्येकाला तेच सांगायच्या, "मग तसं करून बघ." गरम पाणी ओतून झालं, हळदीचं पाणी ओतून झालं. शेवटी त्यात मीठ असतं, हे एकानं शोधून काढलं. कसं शोधून काढलं आणि कुणी, ते मी सांगणार नाही. तो आज गावातला प्रतिष्ठित माणूस आहे.

मग मिठाच्या पाण्याचा प्रयोग झाला आणि तोही फत्ते झाला. आम्हा पोरींना तर स्वर्ग दोन बोटं उरला. खरकटी भांडी विसळलेलं पाणी खारटच असतं की! म्हणजे आम्हालाही टेलिफोन चालवता येणार होता, आणि तोही अब्रू शाबूत ठेवून.

एवढं झाल्यावर बाईंनी विचारलं, "आता एकाच वायरीत दुप्पट लांब जाता येतंय. कुठून कुठं न्यायचा टेलिफोन, सांगा. जिथं खरंच गरज असेल तिथं नेऊ."

मी आणि चुलतभाऊ एकदम उठलो. वर्ग हसला, कारण आमच्या घरांचं सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना फेट्याची कथा सांगितली. बाई पोट धरून हसल्या. मग मी विहिरीचं सांगितलं, श्रीरामपूरचं सांगितलं, आणि सांगता सांगता मला रडू कोसळलं. मेलं भलत्याच वेळी येतं ते. बाईंचं हसू थांबलं.

"टेलिफोन दिला तर ते बोलतील?" त्यांनी विचारलं.

"त्वांड बगायचं न्हाई असं म्हन्लेत," मी नाक पुसत म्हणाले. "ऐकायचं न्हाई असं कुटं म्हन्लेत?"

बाईंनी पेट्या दिल्या.

आबांना मी सांगितलं की ही सरकारी वायर आहे आणि वर्गाच्या अभ्यासासाठी आपल्या घरात आली आहे. 'सरकारी' म्हटलं की आबा उभ्या उभ्या ऐकायचे. त्यांनी ओट्यावर पेटीला जागा करून दिली, वर गोणपाट टाकलं, खाली अंगणात खुंटीही ठोकून दिली. पण दुसरं टोक कुठं गेलंय हे कळल्यावर त्यांच्या भुवया चढल्या. टेलिफोनकडं बघत ते म्हणाले, "म्या थोरला हाय. घंटी त्यानं वाजवायची. म्या न्हाई."

पलीकडं चुलतभावाला तात्यांनी सांगितलं होतं, "चूक त्याची हाय. घंटी त्यानं वाजवायची. मरंस्तवर म्या न्हाई."

घ्या! मांडवातला फेटा आता टेलिफोनच्या दांडीला येऊन बसला. दोन दिवस दोन्ही टेलिफोन ओट्यांवर मुके पडून होते, आणि दोन्ही घरचे मालक कामावरून आले की आधी त्यांच्याकडं बघायचे, मग पाय धुवायचे.

तिसऱ्या दिवशी बाभळीमागं बसून आम्ही दोघांनी बेत केला. संध्याकाळी आबा मागच्या अंगाला गेले तशी मी दांडी फिरवली. पलीकडं तात्यांच्या ओट्यावर घंटी खणखणली. चुलतभाऊ ओरडला, "आबांनी वाजवली!" मग तात्या टॉवेलनं तोंड पुसत टेलिफोनकडं वळतायत असं बघून त्यानं तिकडून दांडी फिरवली. आमची घंटी खणखणली. मी ओरडले, "आबा, तात्यांनी वाजवली!"

आबा आले. चालत नाही, जवळजवळ पळत आले. पण ओट्यापाशी आल्यावर चाल मंद केली. मिशी सारखी केली, रिसीव्हर उलटा धरला. मी तो सुलटा करून दिला. मी रिसीव्हरच्या पाठीला कान लावून उभी राहिले. तात्यांचा आवाज मुळातच मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"कोन?" आबा म्हणाले.

"कोन म्हंजी? घंटी तूच वाजवलीस न्हवं?"

"म्या? म्या कशाला वाजवू? तू वाजवलीस म्हून उचलला!"

"खोटं बोलू नगं. हितं माझं कान शाबूत हायेत."

आता आबा रिसीव्हर आपटणार, सरकारी पेटी फुटणार आणि बाई मला फाडून खाणार. पण आबांनी आपटला नाही. तिकडून तात्यांनीही ठेवला नाही. मग आबांनी घसा खाकरला आणि चार-पाच वर्षं कोंडून ठेवलेलं बाहेर काढलं.

"तू फेट्याखाली मान घातलीसच कशी?"

"मान घातली? त्यानं बसल्याजागी डोस्क्याला गुंडाळला! म्या काय उपसून फेकू?"

"फेकायचा हुता!"

"मंग पावन्याचा अपमान न्हाई झाला?"

"आन माझा झाला त्येचं काय रं?"

तिथून जी जुंपली ती जुंपली. फेट्यावरून बांधावर, बांधावरून लहानपणी फोडलेल्या भोवऱ्यावर. आबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. आणि ऐन रंगात आल्यावर आवाज हळूहळू बारीक व्हायला लागला. वैशाखातली जमीन ती, खुंटीपाशी ओतलेलं पाणी तिनं केव्हाच पिऊन टाकलं होतं.

"तू म्हंजी निव्वळ..." तात्या म्हणाले आणि पुढचं खरखरीत बुडालं.

"काय? निव्वळ काय?" आबा ओरडले. "आरं शिवी नीट दे की, ऐकू येईना!"

मी पाण्याला धावणार तोच आई बाहेर आली. तिच्या हातात भांडी विसळलेल्या पाण्याची बादली होती. कुणी काही न सांगता तिनं ती खुंटीच्या बुडाशी रिती केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"...रेडा!" टेलिफोन खणखणीत बोलला.

"हां, आत्ता आली," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी भांडण सुरू झालं. आता घंटी कोण वाजवतो हे कुणी विचारत नव्हतं. आबा कामावरून आले की चहाच्या आधी टेलिफोन. शेजारच्या वस्त्यांवरचे लोक ऐकायला ओट्यावर येऊन बसायचे, तंबाखू मळायचे, एखादी शिवी झकास पडली की माना डोलवायचे. आई न चुकता बादली रिती करायची. तिकडं चुलतभावाचे मात्र हाल होते. तात्यांचं दर पाच मिनिटांनी असायचं, "जा रं, मूत तिकडं, तुझा चुलता काय म्हन्तोय कळंना." तो मला बाभळीमागं रडकुंडीला येऊन सांगायचा, "किती मुतू? मानूस हाय का टाकी?" पण त्याला घरात हवं तेवढं पाणी प्यायला मिळू लागलं. त्या दुष्काळात आमच्या गावात पोटभर पाणी प्यालेला तो एकटाच.

भांडणाचं एक असतं, रोज केलं की त्यात इकडच्या तिकडच्या गोष्टी शिरतात. शिव्यांच्या मधेच तात्या विचारायचे, छावणीतल्या बैलाचा पाय बरा झाला का. आबा विचारायचे, काकीचा खोकला थांबला का. आणि एका संध्याकाळी तात्या बोलता बोलता "दादा" म्हणून गेले. पूर्वी ते आबांना दादाच म्हणायचे. आबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते बाजूला जाऊन नाक शिंकरून आले. मग परत रिसीव्हर घेऊन म्हणाले, "सकाळी इहिरीवर ये. त्वांड पायजे तर तिकडं करून ये, पर ये."

आले. दोघंही आले आणि खरंच एकमेकांकडं पाठ करून विहिरीत उतरले. पण समाईक खड्ड्यात पाठीला पाठ लावून कुदळ मारता येत नाही, पाय तुटतो. अर्ध्या तासात दोघं समोरासमोर उभे होते आणि आबा म्हणत होते, "लई वाळलास रं." वर आई आणि काकी गाळाची घमेली ओढत होत्या. आम्ही दोघं काठावर पडून खाली बघत होतो. मी इतकी खूश होते की मला सुकडीचीसुद्धा आठवण झाली नाही. कित्येक दिवस काम चाललं. गाळ निघाला, मुरूम निघाला, मग खडक लागला, आणि खडकाच्या एका फटीतून पाणी झिरपलं. ओंजळभर, पण पाणी! मी नाचले. चुलतभाऊ नाचला. मी त्याला म्हणाले, "बग, आता कोन जातंय श्रीरामपूरला!"

त्या संध्याकाळी तात्यांच्या घरी सगळे जेवायला बसलो. चार-पाच वर्षांनी आम्ही त्या घराचा उंबरा ओलांडत होतो. काकीनं हुलग्याचं माडगं केलं होतं. आबांनी ताटातली भाकरी मोडली आणि अगदी सहज म्हणाले, "आता मला कसला घोर न्हाई. तात्या, तू हायेस रानाकडं बगायला. उद्याच पोरीच्या मामाला निरोप धाडतो, आमी येतो म्हून."

मी घास परत ताटात टाकला.

"पर आबा," मी म्हणाले, "पानी लागलं की!"

"लागलं. रातभर झिरपलं तर सकाळी चार हंडं भरत्याल. येका घराला पुरंल. दोन घरांला न्हाई पुरायचं."

"मंग म्या जातो," तात्या म्हणाले. "तू ऱ्हा, दादा."

"तू कशाला? म्या थोरला हाय. म्याच जानार."

"थोरला हायेस म्हून तू ऱ्हा!"

"मला शिकवू नगं!"

आणि पुन्हा जुंपली. पण आता दोघं एकमेकांच्या ताटात भाकरी टाकत भांडत होते. मी आईकडं बघितलं. आई खाली मान घालून जेवत होती आणि गालातल्या गालात हसत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस बादली भरभरून खारं पाणी काय उगाच ओतत होती ती! तिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं. भांडण होतं म्हणून आबा त्या रानाला चिकटून होते, आणि ते मिटलं की त्यांना धरून ठेवणारं काही उरत नव्हतं. मी ताटावरून उठले. कुणी समजूत काढायला आलं नाही, सगळे आबा-तात्यांचं भांडण बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी टेलिफोन परत द्यायला शाळेत गेले आणि पेटी बाईंच्या पुढ्यात धाडकन ठेवली.

"तुमच्यामुळं झालं समदं," मी म्हणाले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं होईल हे मला माहीत नव्हतं गं."

"तुमाला कधी काय म्हाईत असतंय का!" मी ओरडले. बाईंनी मला मारलं नाही की बाहेर काढलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही मला रागच आला.

आम्ही निघालो त्या सकाळी तात्यांनी आमची पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली आणि रस्त्यापर्यंत आणली. आबांनी घ्यायला हात पुढं केला तर म्हणाले, "सर बाजूला." आई आणि काकी गळ्यात पडून रडल्या. आईचं रडणंही खरंच होतं, ते मला मान्य आहे. मग तात्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बोल की तुझ्या भावाशी. आता कोन आडवतंय?"

चुलतभाऊ माझ्यासमोर उभा होता. आता बंदी नव्हती. सगळ्या घरादारासमोर, भर रस्त्यात आम्हाला पाहिजे तेवढं बोलता येणार होतं. आणि आम्हाला दोघांनाही एक शब्द सुचेना. तो पायानं माती उकरत राहिला, मी पिशवीचा बंद पिळत राहिले. तेवढ्यात एस.टी. आली.

गाडी हलली तरी आबा खिडकीतून ओरडून सांगत होते, खडकाला आनखी हातभर सुरुंग लाव, पोराला साळंत धाडत जा, बैलाकडं बग. तात्या गाडीबरोबर पळत "व्हय दादा, व्हय दादा" करत होते. मग ते मागं राहिले. आबा सीटवर नीट टेकले, कंडक्टरला बोलावून कौतुकानं म्हणाले, "भाऊ हाय माझा. सक्खा. त्यो हाय तर मला कसला घोर न्हाई." कंडक्टर म्हणाला, भाग्यवान आहात. आबा हसले. मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून मागं बघत होते, वस्ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते, आणि मनातल्या मनात दोघांनाही म्हणत होते, मेल्यांनो, निदान पाऊस पडेपर्यंत तरी भांडायचं होतं!